अमेरिकेतील यादवी युद्ध आणि पुनर्रचना (१८६१–७७)

गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेकडील अकरा राज्ये संघराज्यातून फुटल्यामुळे पेटलेले युद्ध (एप्रिल १८६१ ते एप्रिल १८६५) आणि त्यानंतर ती राज्ये संघराज्यात परत घेऊन तेथील मुक्त कृष्णवर्णीयांना नागरिक करण्याचा राजकीय खटाटोप. युद्धात रूढ अंदाजाप्रमाणे ६ लाख २० हजार सैनिक मेले. अलीकडचे अभ्यासक हा आकडा याहून बराच मोठा धरतात. युद्ध राज्यांच्या स्वायत्ततेसाठी झाले, असे दक्षिणेत पुढे सांगितले जाऊ लागले. परंतु मिसिसिपीने फुटताना काढलेल्या जाहीरनाम्यात गुलामगिरीचे रक्षण हेच कारण उघडपणे दिले आहे. युद्धाचा निकाल स्पष्ट लागला, पुनर्रचनेचा मात्र उलटला. असे का झाले, याचे या नोंदीतील उत्तर असे : सुमारे ४० लाख माणसांना कायद्याने स्वातंत्र्य आणि त्यांतील प्रौढ पुरुषांना मत मिळाले, पण ते मत निर्भयपणे देता यावे यासाठी लागणारी जमीन मिळाली नाही, आणि केंद्राचे संरक्षण मिळाले तेही थोडाच काळ.

जमिनीचा प्रश्न युद्ध संपण्याआधीच पुढे आला होता. जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेचा जनरल शर्मन याने दक्षिण कॅरोलायना, जॉर्जिया व फ्लॉरिडाच्या किनारपट्टीतील मळे मुक्त गुलामांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. कुटुंबामागे जास्तीत जास्त ४० एकर, या हिशेबाने सुमारे ४० हजार लोक तेथे कसू लागले. एप्रिलमध्ये अध्यक्ष लिंकनची हत्या झाली आणि अध्यक्षपदी आलेल्या अँड्र्यू जॉन्सनने बंडखोर मळेवाल्यांना माफी देऊन बहुतेक जमिनी वर्षाच्या आतच परत करायला लावल्या. मुक्त झालेला माणूस पुन्हा जुन्या मालकाच्याच शेतात, आता बटाईने, राबू लागला. बियाणे आणि धान्य उधारीवर, पीक गहाण, हिशेबाची वही दुकानदाराकडे. ही व्यवस्था मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. खासगी मालमत्तेवर घाला घालणे राज्यघटनेला धरून झाले नसते, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. मात्र दक्षिणेतील गुलाम, म्हणजे मालकांची सर्वांत मोठी मालमत्ता, तेराव्या घटनादुरुस्तीने भरपाईशिवाय मुक्त केलेच होते. आणि तेच सरकार १८६२ पासून पश्चिमेकडे वसाहतकऱ्यांना १६० एकर व रेल्वे कंपन्यांना अफाट जमिनी वाटत होते. अडचण घटनेपेक्षा इच्छाशक्तीची अधिक होती. मोठे मळे जप्त करून वाटावेत, ही थॅडियस स्टीव्हन्सची सूचना त्याच्याच रिपब्लिकन पक्षाने उचलून धरली नाही.

याउलट कायद्याच्या क्षेत्रात जे घडले ते थक्क करणारे होते. जॉन्सनशी झगडत काँग्रेसने १८६७ मध्ये दहा राज्ये लष्करी देखरेखीखाली आणली. चौदाव्या दुरुस्तीने (१८६८) नागरिकत्व दिले, तर पंधराव्या दुरुस्तीने (१८७०) वर्णाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. मिसिसिपीचा कृष्णवर्णीय हायरम रेव्हल्स १८७० मध्ये सिनेटवर गेला. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केली, ती याच काळात. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लुइझियानातील कोलफॅक्स येथे सशस्त्र गोऱ्यांनी ६० हून अधिक कृष्णवर्णीयांना ठार केले, त्यांतील अनेकांना शरण आल्यानंतर. या हत्याकांडावरून भरलेल्या खटल्यात दोषी ठरलेल्यांना सर्वोच्च न्यायालयाने १८७६ मध्ये सोडले. चौदावी दुरुस्ती राज्यसरकारांना बांधते, खासगी व्यक्तींना नव्हे, असा तर्क त्यामागे होता.

इतिहासकार विल्यम डनिंग आणि त्याच्या शिष्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पुनर्रचनेच्या अपयशाचे खापर अशिक्षित कृष्णवर्णीय आमदारांवर, त्यांच्या भ्रष्टाचारावर व उत्तरेच्या कठोरपणावर फोडले. भ्रष्टाचार होता, हे खरे. परंतु त्याच वर्षांत न्यूयॉर्कमध्ये ट्वीडची टोळी शहर लुटत होती, म्हणून तेथील गोऱ्यांचा मताधिकार कोणी काढून घेतला नाही. याच ‘अशिक्षित’ विधिमंडळांनी दक्षिणेत सर्वांसाठी सार्वजनिक शाळांची व्यवस्था उभारली, हे डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये सविस्तर दाखवले. कठोरपणाचे म्हणावे, तर बंडखोरांचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस दोन वर्षांच्या कैदेनंतर खटल्याविनाच सुटला आणि उपाध्यक्ष स्टीफन्स १८७३ मध्ये पुन्हा काँग्रेसमध्ये बसला. खरे तर बळ पुरेसे वापरले तेथे ते लागू पडले : अध्यक्ष ग्रँटने १८७१ मध्ये दक्षिण कॅरोलायनाच्या नऊ काउंट्यांत फौज धाडली आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी संघटनेचा तेथील जोर मोडला. पण १८७३ च्या मंदीनंतर उत्तरेचा उत्साह ओसरला, आणि १८७६ च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर रिपब्लिकन हेझला अध्यक्षपद मिळाले तेव्हा दक्षिणेतील उरलेल्या रिपब्लिकन सरकारांमागचे लष्करी पाठबळ काढून घेण्यात आले.

जमीन मिळाली असती, तरी बंदुकीपुढे ती काय टिकणार होती, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. दक्षिण कॅरोलायनातील बोफर्ट परिसर त्याचे अर्धे उत्तर देतो. करथकबाकीपोटी युद्धकाळात तेथे लिलावात निघालेल्या जमिनींपैकी बऱ्याच कृष्णवर्णीयांनी घेतल्या व त्यांच्याकडेच राहिल्या. मत दिले म्हणून मळ्यातून हाकलण्याची धमकी अशा शेतकऱ्याला देता येत नव्हती. याच भागातला रॉबर्ट स्मॉल्स, ज्याने गुलाम असताना १८६२ मध्ये चार्ल्सटन बंदरातून ‘प्लँटर’ हे जहाज पळवून उत्तरेच्या आरमाराला दिले होते, तो लष्कर हटल्यानंतरही काँग्रेसवर निवडून येत राहिला. त्याची शेवटची मुदत १८८७ मध्ये संपली. बोफर्टमध्ये कृष्णवर्णीय बहुसंख्य होते, हेही त्यामागचे कारण खरेच. आणि उत्तराचा उरलेला अर्धा भाग आक्षेपकाच्या बाजूने जातो : १८९५ मध्ये राज्याने नवी घटना करून साक्षरता व मालमत्तेच्या अटींनी कृष्णवर्णीयांचे मत काढून घेतले, तेव्हा केंद्राने हस्तक्षेप केला नाही. १८६८ च्या घटनासमितीत बसलेला स्मॉल्स याही समितीत प्रतिनिधी होता. त्याने विरोध केला. ठराव मोठ्या बहुमताने संमत झाले.