साइक्सच्या मत्स्यनामांतील मराठी

दख्खनच्या नद्यांतील शिकारी माशांची शास्त्रीय ओळख करून देणारा एक आद्य लेख हा मराठी शब्दांचाही एक लहानसा संग्रह आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) हा कंपनी सरकारच्या लष्करातील अधिकारी. मुंबई सरकारने १८२४ साली त्याची दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीवर नेमणूक केली. त्या फिरतीत जमविलेल्या माशांची वर्णने लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. गंगेतील माशांना बंगाली लोकनामे देण्याचा पायंडा हॅमिल्टनने १८२२ मध्ये पाडलाच होता. साइक्सने तोच मराठीपुरता चालविला. सींघाला, टाकरी, गूंगवारी ही सारी धीवरांच्या तोंडची नावे.

यांपैकी सींघाला म्हणजे आपला शिंगाळा. फावड्यासारखे चपटे मुस्कट, लांब मिशा आणि पाठीवरील मांसल पराच्या शेवटी एक काळा ठिपका, ही त्याची खूण. ठिपका 'आओर' या त्याच्या भाऊबंदासही असतो. परंतु आओराच्या मिशा शेपटीच्या बुडापर्यंत पोचतात, शिंगाळ्याच्या तितक्या लांब नसतात. गळ टाकणाऱ्याने मिशाच पाहाव्या. नावाचे मूळ मात्र मिशांत नसून परांच्या टणक काट्यांत असावे: 'दाताळ'प्रमाणे 'शिंगाळ'. बंगालीतील 'शिंगी' हे मत्स्यनामही याच कुळातले होय.

खरी अडचण लिप्यंतराची आहे. साइक्सच्या रोमन अक्षरांतून ल आणि ळ, त आणि ट यांचा भेद कळत नाही. स्वरांच्या बाबतीत मात्र त्याची स्वतःची एक रीत आहे. १८३२ च्या पक्षिसूचीच्या शीर्षकात तो 'दख्खन' हा शब्द डी-यू-के-एच-यू-एन असा लिहितो. म्हणजे 'यू' हे अक्षर ऱ्हस्व 'अ'साठी योजितो. ही रीत लावली असता, पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेत मिळालेल्या ज्या महाशीराला आजचे अभ्यासक 'खुद्री' म्हणतात, त्याचे मूळ नाव 'खदरी' किंवा 'खडरी' असणे अधिक संभवनीय ठरते. (महाशीर सर्वस्वी मांसाहारी नव्हे; फळेही खातो. तथापि गळाच्या शिकाऱ्यांनी त्याला शिकारी माशांच्या पंक्तीस बसविले आहे.)

शिरूरनजीक घोड नदीत मिळालेल्या 'मुसुल्ला'चे असेच. वरील रीतीने ते 'मसला' किंवा 'मसळा' वाचावे लागते. साइक्सचा मूळ नमुना उपलब्ध नाही. उरले ते त्रोटक वर्णन, एक चित्र आणि हे नाव. सुंदरलाल होरा यांच्यासारख्या साक्षेपी संशोधकानेही १९४० च्या दशकात त्याची गणना महाशीरांत केली, आणि पुढे गळाच्या शौकिनांतही तीच समजूत चालली. 'महाशीर' आणि 'मसळा' यांच्या ध्वनिसादृश्याचाही त्यात वाटा असावा. २०१३ मध्ये नवा प्रमाण-नमुना ठरवून हा मासा महाशीर नसून हिप्सेलोबार्बस या निराळ्या गणातला आहे असे दाखविण्यात आले. दीर्घकाळ एक मासा दुसऱ्याच्या कुळात वावरला. आणि जो मासा नेमका कोणता हेच ठाऊक नाही, तो नदीतून कमी झाला की नाही हे कोणी कसे सांगावे?

साइक्स सर्वत्र लोकनामांशी एकनिष्ठ राहिला असे नाही. खळाळाच्या तळाशी दबा धरणाऱ्या एका प्रचंड माशाला त्याने इंग्रज निसर्गाभ्यासक यॅरल याचे, तर तीक्ष्ण दातांच्या दुसऱ्या एकाला ब्रिटिश म्युझियममधील चिल्ड्रन याचे नाव दिले. ही दोन्ही नावे शास्त्रदृष्ट्या निर्दोष आहेत, परंतु त्यांतून भाषेच्या अभ्यासकाच्या हाती काहीच लागत नाही. त्या मानाने 'टाकरी' हे संदिग्ध नावही मोलाचे. त्यातला आद्यवर्ण ट की त, हे मात्र साइक्सच्या कागदावरून ठरणार नाही. ते भीमाकाठच्या भोयांनाच विचारावे लागेल.