केवलादेवचे तळे : बदकांची शिकार आणि माणसांची सोबत

शिकारीच्या गोष्टी सांगणारी जुनी माणसे शिकारीपेक्षा सोबत्यांविषयीच अधिक बोलतात, असा आमचा अनुभव आहे. आमचे आजोबा त्यांपैकीच एक. वसईच्या मिठागरांवर हिवाळ्यात उतरणाऱ्या बदकांच्या गोष्टी ते सांगू लागले, की प्रथम चार मित्रांची नावे येत. मग पहाटेचा अंधार, बांधावरची थंडी, एकाच घोंगडीत गुरफटून धरलेला दबा आणि एकाच्या घरून आलेली भाकरी-सुकट, असे सारे क्रमाने येई. बदके पडली तर दोनच. पण त्यांचे वाटे चार घरी जात. कोणाच्या बंदुकीने बदक पडले, याबाबत त्यांच्या सांगण्यात दरवेळी फरक पडे. सोबत कोण होते, यात मात्र शेवटपर्यंत कधी फरक पडला नाही.

काही वर्षांपूर्वी धर्मगुरूंच्या एका मेळाव्यासाठी आग्र्यास जाण्याचा योग आला, तेव्हा परतताना आम्ही राजस्थानातील भरतपूरला थांबलो. तेथील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात, ज्या शिवमंदिरावरून त्या स्थळाला हे नाव पडले त्याच्या जवळच, काही शिलालेख उभे आहेत. कोणत्या साली कोणत्या बड्या पाहुण्याच्या सन्मानार्थ शिकार झाली, किती बंदुका होत्या, किती पक्षी पडले, याची ती नोंद आहे. ती वाचता वाचता आम्हाला आजोबांच्या गोष्टी आठवल्या आणि दोन्हींमधील अंतर जाणवू लागले. त्या अंतराचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

केवलादेवचे तळे संपूर्णपणे निसर्गाने दिलेले नाही. ही मुळातच सखल भूमी. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या कारकिर्दीत अजान बांध घातला गेला आणि पावसाळ्यात तेथे पाणी साठू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतपूर संस्थानाचा कारभार पाहणारे मोरवी घराण्यातील हरभमजी यांनी, इंग्लंडमधील बदकांच्या शिकारीचे नमुने पाहून, येथे शिकारीसाठी मुद्दाम तळी, बांध व रस्ते यांची आखणी करविली. मध्य आशिया आणि सायबेरिया येथून दरवर्षी थंडीत येणारी तलवार बदके, थापटे आणि त्यांचे नाना जातींचे सोयरे या पाण्यावर लाखांच्या थव्यांनी उतरत. १९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या सन्मानार्थ येथे मोठी शिकार झाली आणि पुढे तो संस्थानाचा रिवाजच झाला. भरतपूरची शिकार म्हणजे साम्राज्याच्या दरबारातील एक मानाचे पान! संस्थानिकाला सरकारची मर्जी हवी असे, सरकारी पाहुण्याला नेम दाखविण्याची संधी हवी असे, आणि दोहोंची सोय हे तळे करी.

१९१६ साली लॉर्ड चेम्सफर्ड यांच्यासाठी झालेल्या शिकारीत ४,२०६ पक्षी पडले. हाही आकडा मागे टाकला गेला तो १२ नोव्हेंबर १९३८ रोजी. त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मंडळींनी ३९ बंदुकांनी ४,२७३ पक्षी मारले. म्हणजे एका बंदुकीमागे सरासरी सुमारे ११० पक्षी, आणि तेही एकाच दिवसात! बांधांवरील ठरलेल्या जागी पाहुणे बसत आणि एका तळ्यावरून उठविलेली बदके दुसऱ्या तळ्याकडे जाताना त्यांच्या डोक्यावरून उडत. पडलेली बदके गोळा करण्यासाठी थंड पाण्यात उतरावे लागे ते इतरांना. छर्रे लागून जखमी झालेली जी बदके वेलींत आणि गवतात दडून मरत, त्यांचा हिशेब बदकांच्या शिकारीत कोठेच लागत नाही.

आम्ही तो शिलालेख पुन्हा एकदा वाचला. व्हाइसरॉयचे नाव आहे, तारीख आहे, बंदुकांची संख्या आहे, पक्ष्यांची संख्या आहे. कंबरभर पाण्यात उतरलेल्या एकाही माणसाचे नाव नाही. ती माणसेही त्या दिवशी पहाटेपासून त्याच तळ्यावर होती, तीच थंडी त्यांनीही सोसली होती. पण त्यांना कोणी सोबती मानले नाही. आजोबांच्या गोष्टीत मात्र घोंगडी कोणाची होती हेही सांगितले जाई.

येथे एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. ज्या १२ नोव्हेंबरला ही शिकार झाली, त्याच दिवशी मुंबईच्या डॉ. सालिम अली यांना ४२ वर्षे पूर्ण झाली होती. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. पक्ष्यांच्या या थोर अभ्यासकाची वाटचालही बंदुकीपासूनच सुरू झाली होती. लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरील पिवळा ठिपका पाहून शिकारीचे शौकीन असलेल्या मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले, आणि तेथे त्यांच्यापुढे पक्ष्यांचे सारे विश्व खुले झाले. स्वातंत्र्यानंतर भरतपूरचे तळे कोरडे करून ती जमीन शेतीसाठी द्यावी, अशी मागणी जोर धरू लागली, तेव्हा पंडित नेहरूंपर्यंत जाऊन ते तळे वाचविण्यासाठी खटपट केली ती याच सालिम अलींनी.

१९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात एक घातक ताप उद्भवला. त्याचे विषाणू परदेशाहून येणारे पक्षी आणीत असावेत की काय, अशी शंका निघाली. त्या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोसायटीने पक्ष्यांच्या स्थलांतराचा मोठा अभ्यास हाती घेतला आणि भरतपूर हे त्याचे एक प्रमुख केंद्र झाले. पक्षी जिवंत पकडायचे, त्यांच्या पायात धातूचे हलके वळे घालायचे आणि पुन्हा सोडून द्यायचे, असे हे काम. पण रानटी बदक इजा न होता पकडणार कोण? ती विद्या होती बिहारमधील मीरशिकारांपाशी. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडून पोट भरणाऱ्या या लोकांना सोसायटीने कामावर बोलाविले. पक्षी केव्हा उतरेल, कोठे बसेल, जाळे कोठे टाकावे, हे त्यांना ठाऊक होते. आणि विद्यापीठाची पदवी घेतलेल्या तरुण अभ्यासकांनी ते त्यांच्याकडून शिकून घेतले. शिकाऱ्याची विद्या तीच राहिली. पकडलेले पाखरू मात्र आता पुन्हा उडून जाऊ लागले.

त्या वळ्यावर एक क्रमांक आणि मुंबईच्या सोसायटीला कळविण्याची विनंती कोरलेली असे. पुढे हजारो मैलांवर, तेव्हाच्या सोव्हिएत संघराज्यात, एखाद्या शिकाऱ्याच्या हाती ते बदक लागे. तो वळे काढून कळवी आणि मुंबईत नोंद होई. भरतपूरचा मीरशिकार आणि सायबेरियाचा बंदूकवाला यांनी एकमेकांचे तोंड कधी पाहिले नाही. तरी एका बदकाच्या पायातील वळ्याने त्यांना एका कामात जोडले. बदकांच्या शिकारीतून उपजलेली याहून विलक्षण सोबत आम्हाला ठाऊक नाही.

मात्र येथे सारे काही गोड झाले, असे म्हणता येणार नाही. १९६४ साली येथे शेवटची मोठी शिकार झाली. महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत चालू राहिला. १९८२ साली केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाले आणि भोवतालच्या गावांतील गुरांना तेथे चरण्यास मनाई करण्यात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात या मनाईवरून संघर्ष उसळला, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकरी प्राणास मुकले. त्यानंतर जे घडले ते विचार करायला लावणारे आहे. म्हशी चरेनाशा झाल्यावर पाण्यातील गवत बेसुमार माजले आणि बदकांनाच मोकळे पाणी मिळेनासे झाले. सोसायटीने दशकभर केलेल्या अभ्यासातून १९९१ साली हाच निष्कर्ष पुढे आला. ज्यांना आपण तळ्याचे शत्रू समजलो, त्यांची गुरे आपल्या नकळत तळ्याची राखण करीत होती. व्हाइसरॉयच्या काळी पाण्यात उतरणाऱ्याचे नाव दगडावर कोरले गेले नाही. आणि आपल्या काळी म्हैस राखणाऱ्याला कोणी विचारले नाही. चूक एकच, फक्त माणसे बदलली.

आमच्याबरोबर उद्यानात आला होता तो एक सायकलरिक्षावाला. हे लोक आता पक्ष्यांचे चांगले जाणकार झाले आहेत. आम्हाला नुसते ठिपके दिसत होते, तेथे तो नुसत्या उडण्यावरून तलवार बदक ओळखून दाखवीत होता. दुपारी एका झाडाखाली आम्ही आमची शिदोरी सोडली आणि त्याने आपली. पोळ्यांची अदलाबदल झाली. त्याचे आजोबा याच तळ्यावर साहेबांची बदके उचलीत असत, असे तो सहज बोलून गेला. आम्ही त्यांचे नाव विचारले. त्याने ते सांगितले. मंदिराजवळच्या दगडावर ते कोरलेले नाही. आमच्या टिपणवहीत मात्र आम्ही ते लिहून घेतले आहे.