तांब्याच्या पत्र्यावरचे घर

कडेला गर्द झाड, मागे धूसर डोंगर आणि मधल्या मोकळ्या रानात एक घर. दापोडीच्या जुन्या गव्हर्नर-बंगल्याचे कूळ शोधायचे तर मी विटा-चुन्याआधी या देखाव्याकडे जाईन. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांना अशा देखाव्यांचे वेड लागले आणि ते पसरले तांब्याच्या पत्र्यांवरून.

पत्र्यावर मेण-राळेचा पातळ लेप द्यायचा. सुईने रेघ ओढली की तेवढेच तांबे उघडे पडते आणि तेजाब तेवढेच खाते. डोंगर फिका हवा, म्हणून पत्रा लवकर बाहेर काढायचा, डोंगराच्या रेघांवर वार्निश फिरवायचे आणि पुन्हा बुडवायचा. झाडाच्या रेघा सर्वांत जास्त वेळ आत. चित्रातले दूर-जवळ हे असे तेजाबातल्या मिनिटांवर ठरते! मग रेघांत शाई भरायची, पत्रा पुसायचा आणि ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा.

ही नजर आपल्याकडे आणणाऱ्यांत जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार ठळक. सवाई माधवराव, नाना फडणवीस यांची चित्रे त्यानेच रंगवली. १७९१-९२मध्ये त्याने टिपलेले मुंबई परिसराचे बारा देखावे त्याच्या मृत्यूनंतर, १८०० साली, लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. माझगावच्या टेकडीवरचा ‘बेलमॉन्ट’ बंगला त्यांत आहे. वेरूळची लेणी रेखाटण्याच्या कामात वेल्सच्या सोबतीला पुण्याचा गंगाराम तांबट होता. गंगारामची रेखाटने आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

दापोडीला पेशव्यांच्या कवायती पलटणीचा तळ होता आणि तिचा सेनापती कॅप्टन फोर्ड. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत हीच फौज इथून निघून इंग्रजांना जाऊन मिळाली. या फोर्डचा बंगला पुढे जॉन माल्कमने गव्हर्नर असताना सरकारसाठी घेतला. मुळा-पवनेच्या संगमाचा हा परिसर, भोवती बाग आणि झाडी. पावसाळ्यात मुंबईचे गव्हर्नर मुक्कामाला येत. कागदावर पाहून आवडलेले घरच या लोकांनी इथे प्रत्यक्षात आणले, असे मला ठामपणे वाटते. देखाव्यात न मावणारी पलटण मात्र विसरता कामा नये; हे घर तिच्या जोरावर उभे होते.

माल्कमच्याच काळात इथे वनस्पती-उद्यान सुरू झाले. डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचे अधीक्षक असताना, १८४७ ते १८५० या काळात, एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराने इथल्या वनस्पतींची दीडशेवर चित्रे काढली. देखाव्यात झाड म्हणजे नुसती गडद कडा. या चित्रांत त्याचे पान, फूल, फळ वेगवेगळे उलगडून दाखवलेले. दापोडीच्या कुळातली ही शाखा मला सर्वांत मोलाची वाटते. १८६०च्या दशकात गणेशखिंडीत नवा राजवाडा, म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, उभा राहू लागला आणि दापोडीचा मान गेला. वनस्पतींची ती चित्रे आज एडिनबरोच्या वनस्पती-उद्यानात आहेत. हेन्री नॉल्टी यांनी २००२ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला; त्या ग्रंथाच्या नावात दापोडी आहे, गिब्सनही आहे. चित्रकाराचे नाव कुणी लिहूनच ठेवले नव्हते.