शुक्रवारची साक्ष : लीप वर्ष, वार आणि शिवजन्माची तारीख

शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा की १६३० चा, हा वाद महाराष्ट्रात अनेक दशकं चालला. त्यात जेधे शकावलीची नोंद फार मोलाची ठरली : शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. आज आपण म्हणतो, १९ फेब्रुवारी १६३०. आता वाराचा पडताळा घेऊ.

आजच्या इंग्रजी कॅलेंडरचा नियम असा. चाराने भाग जाणारं वर्ष लीप. पण शतकवर्ष असेल तर त्याला ४०० ने भाग जायला हवा. म्हणून २००० लीप होतं, १९०० नव्हतं. ४०० वर्षांत लीप वर्षं ९७, एकूण दिवस १,४६,०९७. याला सातने भागा, बाकी शून्य. म्हणजे ४०० वर्षांनी तेच वार परत येतात. मोबाइलवर २०३० उघडा. १९ फेब्रुवारीला मंगळवार दिसेल.

मग शकावली चुकली का?

तिला दोष देण्याआधी विचारायला हवं, की ही तारीख कोणत्या कॅलेंडरातली? जुन्या ज्युलियन कॅलेंडरात दर चौथं वर्ष लीप, अपवाद नाही. वर्ष धरलेलं ३६५ दिवस ६ तासांचं. खरं सौरवर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान. सव्वाशेएक वर्षांत एक दिवसाचा फरक साठतो. म्हणून पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये दहा दिवस गाळले. गुरुवार ४ ऑक्टोबर संपला आणि दुसऱ्या दिवशी उजाडला शुक्रवार, १५ ऑक्टोबर. तारखांची साखळी तुटली, वारांची नाही. हे नीट लक्षात ठेवा.

पोर्तुगालने हा बदल लगेच स्वीकारला, इंग्लंडने थेट १७५२ मध्ये. त्यामुळे शिवकाळात गोव्याचे पोर्तुगीज आणि सुरतेचे इंग्रज एकाच दिवसावर दहा दिवसांच्या अंतराने तारीख घालत होते. दोघांची पत्रं शेजारी ठेवून वाचणारा अभ्यासक हे विसरला, तर उत्तर पत्राच्या आधी पोचलं असंही त्याला वाटेल!

१९ फेब्रुवारी ही ज्युलियन तारीख आहे. तिच्यात दहा मिळवा. १६३० चा फेब्रुवारी २८ दिवसांचा, म्हणून येतो १ मार्च. पुन्हा २०३० उघडा. १ मार्च, शुक्रवार! शकावलीचा वार बरोबर.

जयंती कोणत्या दिवशी करावी, हे गणिताने ठरत नाही. तो समाजाने ठरवायचा प्रश्न आहे. आणि वार जुळला एवढ्यावरून नोंद खरी, असंही म्हणता येत नाही. सातात एकदा तो योगायोगानेही जुळतो. पण तिथी लिहिताना जुन्या लेखनिकाने शेजारी वार लिहून ठेवला, ही आपल्यावर मोठी कृपा आहे. तो जुळला नाही, तर आधी आपला हिशेब तपासायचा. कागदाला खोटं म्हणायचं ते त्यानंतर.