मोटारीचा साज

एखाद्या जुन्या वस्तूचें मोल तिच्या गाभ्यावरून ठरत असलें, तरी तिची ओळख पुष्कळदां वरवरच्या साजावरून पटते. मोटारीच्या बाबतींत तर हें विशेष खरें आहे. इंजिन झांकणाखालीं दडलेलें, सांगाडा पत्र्याआड लपलेला. रस्त्यानें जाणारा माणूस मोटार ओळखतो ती तिच्या तोंडावरच्या जाळीवरून, नाकावरच्या बिल्ल्यावरून, अंगावरून धांवणाऱ्या चकचकीत पट्टीवरून आणि चाकांच्या टोपणांवरून. या सर्व सामानास इंग्रजींत 'ट्रिम' म्हणतात. मराठींत त्याला 'साज' म्हणावयास हरकत नसावी. घोड्याच्या साजाप्रमाणेंच तो उतरवितां येतो, चोरीस जातो, आणि एकदां हरवला म्हणजे सहजासहजीं दुसरा मिळत नाहीं.

जुन्या मोटारी मूळ रूपांत आणूं पाहणाऱ्यांची खरी दमछाक या साजापायीं होते. इंजिन खोलणारा कारागीर मिळतो, पत्रा ठोकणारा मिळतो. पण सत्तर वर्षांपूर्वींच्या गाडीच्या दाराची मूठ मिळत नाहीं. ती कां मिळत नाहीं, आणि नवी घडवावयाची तर कशी, याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे आपण मुंबईच्या उपनगरांच्या औद्योगिक इतिहासांत येऊन पोहोंचतों. त्या इतिहासाचा थोडासा मागोवा आज घ्यावयाचा आहे.

मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्या मोटारी आल्या त्या १८९८ सालीं. भाड्याची टॅक्सी १९११ सालीं सुरू झाली. १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें शिवडी येथें जुळणीचा कारखाना काढला, आणि पुढें थोड्याच वर्षांत फोर्ड कंपनीनेंही मुंबईंत तसाच कारखाना चालविला. 'जुळणी' हा शब्द येथें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. परदेशाहून पेट्यांत भरून आलेले भाग येथें एकत्र जोडले जात. बिल्ला, मूठ, दिव्याची कडी, हें सारें समुद्रापलीकडून येई. त्यांतला एखादा भाग मोडला तर तोही तिकडूनच मागवावयाचा. म्हणजे गाडी मुंबईंत जोडलेली, पण तिचा साज घडविण्याची विद्या कांहीं मुंबईंत आलेली नव्हती.

ही विद्या येथें यावी असें ज्यांस वाटत होतें, त्यांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचें नांव पहिलें घ्यावें लागेल. १९३० नंतरच्या दशकांत त्यांनीं भारतीय मोटार-कारखान्याची योजना आखली, आणि सोलापूरचे उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं ती उचलून धरली. महायुद्धाच्या काळांत परकीय सरकारनें त्यांना साथ दिली नाहीं. तरीही क्रायस्लर या अमेरिकन कंपनीशीं करार करून त्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही संस्था स्थापन केली. जुन्या आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादुर शास्त्री मार्गाच्या परिसरांत कुर्ल्यास तिचा कारखाना उभा राहिला, आणि देश स्वतंत्र झाला त्याच १९४७ सालीं तेथून पहिली मोटार बाहेर पडली. कुर्ला तेव्हां मुंबई शहराच्या हद्दींत नव्हता. १९५० सालीं तो बृहन्मुंबईंत आला, आणि १९५७ सालीं ती हद्द पूर्वेस मुलुंडपर्यंत व पश्चिमेस बोरिवलीपलीकडे दहिसरपर्यंत वाढली.

कुर्ल्याच्या या पहिल्या गाड्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो अशा तीन नांवांनीं विकल्या जात. परंतु परदेशीं पाठवावयाच्या गाड्यांत क्रायस्लर कंपनीची एक युक्ति होती. अंगाचा पत्रा बहुतेक प्लिमथचाच ठेवावयाचा, आणि जाळी, बिल्ले व पट्ट्या तेवढ्या बदलून तिलाच दुसरें नांव द्यावयाचें. 'डिसोटो डिप्लोमॅट' ही गाडी अशा रीतीनें तयार झाली. आतां पाहा, अशा गाडीचा साज गेला म्हणजे काय होतें! इतर गाड्यांची शोभा जाते, हिचें नांवच जातें. आणि गंमत अशी कीं, तो साज अमेरिकेंतही मिळण्याची मारामार, कारण डिप्लोमॅट ही केवळ निर्यातीची गाडी. ती अमेरिकेंत विकलीच गेली नाहीं. तिकडे जुन्या फोर्ड गाड्यांसाठीं आणि इंग्लंडांत एम्. जी. व मॉरिस गाड्यांसाठीं नव्यानें घडविलेल्या भागांचे जाडजूड सूचिग्रंथ निघतात. ज्या गाड्या हजारोंनीं जगल्या-वांचल्या, त्यांचे भाग नव्यानें पाडणें परवडतें. आपल्याकडे आलेल्या गाड्यांची चाकें उजव्या हाताच्या चालकासाठीं बसविलेलीं. त्यामुळें डॅशबोर्डावरील सजावट परदेशांतून मागविली तरी ती उलट्या बाजूची निघते.

धातूच्या बाबतींतही काळाची खूण पटते. १९२५ च्या आधींच्या मोटारींवर बहुधा निकलचा मुलामा असे; त्याची झांक किंचित् पिवळसर. क्रोमचा निळसर पांढरा चकचकाट त्यानंतरचा. १९३० सालीं फोर्ड कंपनीनें आपल्या 'मॉडेल ए' गाडीच्या रेडिएटरची चौकट न गंजणाऱ्या पोलादाची केली. पुढें कोरियाच्या युद्धांत अमेरिकन सरकारनें शोभेच्या मुलाम्यासाठीं निकल वापरण्यावर निर्बंध घातले, तेव्हां १९५१-५२ च्या कांहीं गाड्यांना तांब्यावर थेट क्रोम चढवून वर पारदर्शक लुकण लावावें लागलें. तसला मुलामा टिकला नाहीं. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेंत तर अशा गाड्यांचे बंपर थोड्याच पावसाळ्यांत काळवंडले. आज अशी गाडी कोणी नव्यासारखी लखलखीत करून आणली, तर ती तिच्या जन्माच्या दिवसाहूनही अधिक चकाकते, हें जाणत्या परीक्षकास ठाऊक असतें.

१९५३ सालीं जकात आयोगानें असा अभिप्राय दिला कीं, ज्यांच्यापाशीं प्रत्यक्ष निर्मितीची योजना नाहीं त्यांनीं नुसती जुळणी करीत राहूं नये. जनरल मोटर्स व फोर्ड या दोन्ही कंपन्यांनीं मुंबईंतला आपला गाशा गुंडाळला. प्रीमियरनें मात्र १९५४ पासून इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी हातीं घेतली. आयातीवर कडक बंधनें असल्यामुळें एकेक भाग देशांत बनविणें प्राप्त झालें, आणि त्या गरजेंतून उपनगरांत लहान लहान कारखान्यांचें एक जाळें विणलें गेलें. कुर्ला, साकीनाका, घाटकोपर, अंधेरी या भागांतील गाळ्यांतून कोणी पत्रा दाबी, कोणी ओतकाम करी, कोणी रबराच्या पट्ट्या ओढी, कोणी बफ मारून मुलाम्याच्या टांक्यांत माल सोडी. वालचंदांनीं जी विद्या येथें आणावयाची म्हटली होती, ती मोठ्या कारखान्याच्या भिंतींआड राहिली नाहीं, गल्ल्यागल्ल्यांतून पसरली.

फियाटच्या या पहिल्या गुबगुबीत गाडीला मुंबईकरांनीं लाडानें म्हणा कीं थट्टेनें म्हणा, 'डुक्कर फियाट' असें नांव ठेवलें. १९६४ पासून ११०० डी हा नवा घाट आला, आणि १९७४ च्या सुमारास तिचेंच नामांतर 'प्रीमियर पद्मिनी' असें झालें. तिचें उत्पादन २००० सालच्या आसपास थांबलें. काळ्या-पिवळ्या रंगांत तिनें या शहराची जी सेवा केली ती आपण सर्वांनीं पाहिलेली आहे. परंतु तिची आणखी एक सेवा फारशी कोणाच्या ध्यानांत आली नाहीं. हजारों टॅक्सी धांवत होत्या तोंवर तिच्या जाळ्या, मुठी, दिव्यांच्या कांचा आणि दारांचीं रबरें बनविणाऱ्यांना रोजचें गिऱ्हाईक होतें. आणि ज्या टॅक्सी मोडींत निघत, त्यांचे भाग कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडून किंवा मटन स्ट्रीटच्या चोरबाजारांतून शौकिनांच्या हातीं पडत. मुंबईंत टॅक्सीच्या वयाची मर्यादा वीस वर्षांची. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदली गेली होती, आणि २०२३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस तिची मुदत संपली. त्या दिवशीं वृत्तपत्रांनीं गाडीला निरोप दिला. तिच्याबरोबर एका सबंध बाजारपेठेचा आधार गेला, ही गोष्ट मात्र अनुल्लेखित राहिली.

मग आतां हरवलेला भाग घडवावयाचा कसा? श्रोत्यांना वाटेल कीं, जुना नमुना मिळाला म्हणजे झालें. तसें नाहीं. समजा, दाराची एक मूठ शाबूत आहे व दुसरी हवी आहे. शाबूत मूठ वाळूंत दाबून तिचा सांचा घेतला आणि त्यांत पितळ ओतलें, तर नवी मूठ लहान निघते, कारण ओतलेलें पितळ थंड होतांना शेंकडा सुमारें दीड या प्रमाणांत आकसतें. दोनशें मिलिमीटर लांबीच्या वस्तूंत हा फरक तीन मिलिमीटरांचा पडतो. म्हणजे स्क्रूचीं भोंकें जुळत नाहींत. म्हणून अनुभवी कारागीर आधीं तेवढ्या वाढीव मापाचा लांकडी नमुना करवून घेतो. अलीकडे संगणकाच्या साह्यानें मूळ भागाचें चित्र घेऊन, तें हव्या प्रमाणांत वाढवून, मेणाचा किंवा प्लॅस्टिकचा नमुना यंत्रानेंच छापून काढतां येतो. या सोयीनें एकच नग घडविणेंही आतां आंवाक्यांत आलें आहे.

मूळ भाग पुष्कळदां जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. या धातूंत पन्नास-साठ वर्षांनीं मुलाम्याखालीं फोड येतात व खड्डे पडतात. त्यांवर नुसता नवा मुलामा चढविणें म्हणजे ओल आलेल्या भिंतीला चुना फांसणें होय. जुना थर उतरवून, खड्डे कोरून साफ करून, ते तांब्यानें भरून काढावे लागतात. मग घांसकाम, मग निकल, आणि सर्वांत शेवटीं क्रोम. क्रोमचा हा थर मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाहूनही पातळ असतो. तो फक्त तेज देतो. गंजापासून खरें रक्षण निकलचा थर करतो आणि खरी सफाई त्याखालच्या घांसकामाची असते. स्वस्तांत काम करणारा नेमकें हेंच घांसकाम व निकल आंखडतो, आणि गिऱ्हाइकास तें पहिल्या पावसाळ्यानंतर कळतें. जाळीसारखे पत्र्याचे भाग पितळी पत्र्याचे हातानें ठोकून बनवितात. लांकडी ठोकळ्यावर पत्रा वळविणारा असा कारागीर म्हातारा झाला, आणि त्याच्या मुलानें दुसरा धंदा धरला, म्हणजे ती कला त्या गाळ्यापुरती संपते.

येथें एक नैतिक प्रश्नही उभा राहतो. नवा घडविलेला भाग लावलेली गाडी खरी म्हणावयाची कीं खोटी? भारत सरकारनें २०२१ सालीं मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठीं निराळी नोंदणी सुरू केली. गाडी मूळ रूपांत राखलेली हवी. सांगाडा, अंगाचा पत्रा व इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला नसावा, अशी त्यांत अट आहे. या गणतीनें १९७४ ची पद्मिनी २०२४ सालीं मानाच्या पंगतीस बसली. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१२ सालीं ट्यूरिन येथील सनदेंत याहून सूक्ष्म विचार मांडला आहे: शक्य तों मूळ भाग जतन करावा, बदलावाच लागला तर नव्या भागावर साधी, टिकाऊ अशी खूण करावी. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. मूर्तीचा मोडलेला हात नवा बसविणारा शिल्पकार आपला जोड लपवीत नाहीं. तसाच हा प्रामाणिकपणा आहे. खूण नसलेली उत्तम नक्कल पांच-पंचवीस वर्षांनीं मूळ म्हणून विकली जाते, आणि मग पुढचा कारागीर त्या नकलेचीच नक्कल करीत बसतो. प्रत्येक फेरींत माप थोडें चुकतें, आणि अखेर मूळ घाट कसा होता हें कोणासच सांगतां येत नाहीं.

कुर्ल्याच्या त्या कारखान्याच्या जागेवर आज घरें व कार्यालयें उभीं आहेत. 'प्रीमियर रोड' हें नांव तेवढें मागें राहिलें आहे. अंधेरी-घाटकोपरच्या ज्या गाळ्यांत एके काळीं मुलाम्याच्या टांक्या होत्या, त्यांतले कित्येक गोदामें किंवा कचेऱ्या झाले. शहरानें वाढूं नये असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु या देशांत मोटार बनविण्याचा जो आरंभींचा यत्न मुंबईच्या उपनगरांत झाला, त्याचे पुरावे आज मुख्यतः कोठें आहेत? ते आपल्या घरांच्या माळ्यांवर आहेत, सोसायट्यांच्या आवारांत झांकून ठेवलेल्या गाड्यांवर आहेत, आणि भंगारवाल्याच्या ढिगांत आहेत. आजोबांची फियाट विकतांना तिचें छापील माहितीपुस्तक रद्दींत जातें. सुटलेली पट्टी 'काय करावयाची' म्हणून वजनावर दिली जाते. वजनावर तिचे चार पैसेही येत नाहींत. पण तिची नेमकी लांबी, जाडी व वळण दाखविणारा तो कदाचित् अखेरचा दाखला असतो.

तेव्हां ज्यांच्या घरीं असें कांहीं असेल त्यांनीं एवढें तरी करावें. भाग देण्यापूर्वीं तो कोणत्या सालच्या, कोणत्या गाडीचा, डाव्या बाजूचा कीं उजव्या, हें चिठ्ठीवर लिहून त्याला बांधावें. त्यामागें ओतलेला अंक असल्यास तो टिपून घ्यावा. मोजपट्टी शेजारीं ठेवून त्याचें छायाचित्र काढावें. आणि एखादा जुना ओतारी किंवा मुलामेवाला माहितीचा असेल, तर त्याच्याकडे काम न्यावें, त्याची रीत विचारावी व लिहून ठेवावी. अशा कामाची वेळ आतां फार उरलेली नाहीं.