ओढ्यात सेन्सर बसेल, पण आकडे वाचणार कोण? पदवीनंतर संशोधनाची वाट

ओढ्याचं पाणी तपासायचं म्हटलं की बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवायची, ही नेहमीची पद्धत. पण पहिल्या मोठ्या पावसात शेतातलं खत वाहून आलं, तर ओढ्यातलं नायट्रेट काही तासांत वाढतं. बाटली भरायचा दिवस येईपर्यंत ते पाणी पुढं निघून गेलेलं असतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालतं. त्यापेक्षा जास्त झालं तर सगळ्यात मोठा धोका तान्ह्या बाळांना.

पाण्यात बसवलेला सेन्सर ही उणीव भरून काढतो. पातळी, तापमान, सामू, गढूळपणा, विरघळलेला ऑक्सिजन अशा नोंदी तो आपोआप घेतो. दर १५ मिनिटांनी एक नोंद धरली, तर एका घटकाचे वर्षाला ३५,०४० आकडे होतात. हे आकडे तपासून त्यांचा अर्थ लावणं, हाच संशोधनाचा विषय.

आकडे फसवतात कसे?

सेन्सरवर शेवाळ चढतं, गाळ बसतो. पाणी आटलं की तो उघडा पडतो, तरी आकडे येतच राहतात. ऑक्सिजन दिवसा वाढतो, रात्री घटतो. तो बिघाड नसून पाण्यातल्या वनस्पतींचं काम असतं. गढूळपणा एकदम वाढला तर वर पाऊस झाला, की म्हशी पाण्यात बसल्या? हा प्रश्न ओढ्याकाठी वाढलेल्या पोराला लगेच सुचतो. संगणक शिकता येतो, पण ही जाण गावातूनच येते.

शिक्षण कुठं?

आयआयटी मुंबईत ग्रामीण तंत्रज्ञानाचं 'सितारा' केंद्र आहे. तिथं एमटेक आणि पीएचडी करता येते. आयआयटी रुरकीत जलविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. रुरकीतच राष्ट्रीय जलविज्ञान संस्था असून तिथं पाण्यावर संशोधन चालतं.

एमटेकसाठी मुख्य वाट गेट परीक्षेची. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून ती देता येते. मात्र तीन वर्षांची बीएस्सी झालेल्यांना एमटेकला जाण्याआधी साधारणपणे एमएस्सी करावी लागते. भूगर्भशास्त्र, रसायन, पर्यावरण, कृषी अभियांत्रिकी, स्थापत्य या शाखा या कामाला जवळच्या.

खर्चाचं काय?

गेटमधून एमटेकला प्रवेश मिळालेल्यांना महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. केंद्राच्या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची रक्कम जानेवारी २०२३ पासून ३७,००० रुपये झाली. पैशाअभावी शिक्षण सोडायच्या विचारात असलेल्यांनी हे आकडे घरी दाखवावेत.

तयारी आजपासून

आर आणि पायथॉन ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने हजारो नदी-ओढ्यांच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवल्यात. सराव त्यावर करता येतो. सोबत गावच्या ओढ्याची पातळी आणि पाऊस रोज वहीत लिहावा. पुढं सेन्सर बसला, तर त्याचा आकडा खरा की खोटा, हे ठरवायला ही वहीच कामी येईल.