पोशाखाची शिवण आणि प्रेक्षकाचा वाटा

महाकाय प्राण्यांच्या स्वस्त जपानी चित्रपटांचा विचार करताना समीक्षा बहुधा ‘कॅम्प’ या संज्ञेपाशी थांबते. सुझन सोन्टॅग यांनी १९६४ च्या निबंधात कॅम्पचे भाबडा आणि हेतुपुरस्सर असे दोन प्रकार मानले. गांभीर्याने केलेला, पण फसलेला प्रयत्न हे पहिल्याचे लक्षण. रबरी पोशाखातला माणूस चिमुकली नगरे तुडवतो, म्हणून हे चित्रपट सरसकट याच कोटीत टाकले जातात. त्यांचा इतिहास मात्र या वर्गीकरणाला दुजोरा देत नाही.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी येथे हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. तिची किरणोत्सारी राख ‘फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवर पडली. २३ खलाशांपैकी एकाचा सप्टेंबरमध्ये मृत्यू झाला. ३ नोव्हेंबरला तोहो कंपनीचा ‘गोजिरा’, म्हणजेच पुढे जगाला परिचित झालेला ‘गॉडझिला’, प्रदर्शित झाला. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धानंतर मायदेशी परतताना उद्ध्वस्त हिरोशिमातून गेले होते. दृश्यकरामतींचे सूत्रधार एइजी त्सुबुराया यांना १९३३ च्या ‘किंग काँग’प्रमाणे बाहुली एकेका चौकटीत हलवून चित्रण करायचे होते, त्याला लागणारा वेळ आणि पैसा नसल्यामुळे पोशाखाचा पर्याय आला. हारुओ नाकाजिमा या नटाच्या हालचाली जलद गतीने चित्रित करून पडद्यावर संथ केल्या गेल्या आणि रबराला वजन आले. कृत्रिमता लपली नाही; तरीही जळत्या टोकियोत मुलांना कवटाळून बसलेली आई पाहताना हसू येत नाही.

हसण्याची सोय नंतर झाली. १९५६ च्या अमेरिकी आवृत्तीत रेमंड बर हा नट वार्ताहराच्या भूमिकेत घुसवण्यात आला आणि नागासाकीतून वाचलेल्या स्त्रीचा संवाद गळला. स्मृती कापली की मागे केवळ पोशाख उरतो. ज्याला फसलेले गांभीर्य म्हटले गेले, त्यात संकलकाच्या कात्रीचाही वाटा होता.

तथापि, पुढील काळातील खरोखरच हलक्या चित्रपटांचे आकर्षण एवढ्याने उलगडत नाही. होंडा यांच्याच १९६९ च्या ‘ऑल मॉन्स्टर्स अटॅक’मध्ये आईवडील कामावर गेल्याने एकटा पडणारा, दांडगट मुलांनी त्रासलेला इचिरो स्वप्नात राक्षसांच्या बेटावर जातो. तेथील झुंजींचा बराच भाग आधीच्या चित्रपटांतून उचललेला आहे. काटकसर उघड आहे. पण एकाकी मुलाचे स्वप्न आधी पाहिलेल्या चित्रांतूनच रचले जाणार, हे सत्य त्या काटकसरीमुळेच हाती येते. साधनांचे दारिद्र्य येथे आशयाचे अंग बनते.

वास्तवाचा आभास हाच निकष मानणारी दृष्टी येथे अपुरी पडते. बुनराकू या जपानी बाहुलीनाट्यात बाहुली चालविणारे रंगमंचावर दिसत असतात, तरी बाहुलीचा शोक प्रेक्षकाला भिडतो. भरताची नाट्यधर्मीची कल्पनाही अशाच संकेतांना मान्यता देते. २०२४ मध्ये दृश्यकरामतींसाठी ऑस्कर मिळविणारा ‘गॉडझिला मायनस वन’ (२०२३) युद्धोत्तर जपानकडेच परततो, परंतु त्यातील संगणकनिर्मित प्राण्याला शिवण नाही. जुन्या चित्रपटांत ती दिसते आणि तिच्याकडे काणाडोळा करून राक्षसाला जिवंत करण्याचे काम प्रेक्षकाला करावे लागते. त्यांचा गोडवा या सहभागात आहे. त्याला उपहास समजणाऱ्या समीक्षेने निदान आपल्यासमोर कोणती आवृत्ती आहे, एवढे तरी तपासून घ्यावे.